गोव्याच्या डोंगराळ भागात निवांत सायकल भ्रमंती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात सायकलने हिंडण्याजोगे डोंगर आहेत तरी कुठे?

गोव्याचे क्षेत्रफळ जेमतेम 3702 चौरस किलोमीटर. त्यातला किनाऱ्यालगतचा पट्टा सगळ्यांना ठाऊक असतो. सायकलवाल्याने मात्र पूर्वेला तोंड करावे. सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे आणि काणकोण या तालुक्यांच्या मागे सह्याद्रीची भिंत उभी आहे. सत्तरीतला सोन्सोगड हजार मीटरांहून उंच आहे. पणजी समुद्रसपाटीलाच, म्हणजे उंचीतला हा सगळा फरक साठ-सत्तर किलोमीटरांत भरून निघतो. मधल्या पट्ट्यात सडे, कुळागरे (माड-पोफळींच्या बागा), भातशेती आणि नद्यांची खोरी आहेत. एका दिवसात फेरीबोटीतून खाडी ओलांडून संध्याकाळी घनदाट रानाच्या कडेला पोचता येते. हे सुख फार थोड्या प्रदेशांत मिळते.

शांत रस्ता ओळखायचा कसा? नकाशावर सगळे सारखेच दिसतात.

तो रस्ता शेवटी कुठे जातो, ते आधी पाहा. बेळगावला, कारवारला किंवा खाणीवर जात असेल तर दिसायला कितीही सुंदर असो, तो शांत नसणार. पाच-पंचवीस घरांच्या वाड्यावर जाऊन संपत असेल, तर दिवसाला दोन-चार बसफेऱ्या, दुधाची गाडी, शाळेची मुले आणि पोदेर (सायकलवरचा पाववाला), एवढीच त्याच्यावरची रहदारी. गोव्यातले उत्तम सायकलरस्ते असे ‘पुढे वाट नाही’ प्रकारचेच आहेत. गेलो त्याच रस्त्याने परत यावे लागते म्हणून अनेकजण ते टाळतात. मला हे कळत नाही. चढताना नजर पुढच्या वळणावर खिळलेली असते. परतीच्या उतारावर तोच रस्ता खोरे उघडून दाखवतो.

दुसरी खूण वेळेची. सकाळी साडेपाच ते नऊ आणि दुपारी एक ते चार. दुपारच्या त्या वेळेत गोव्यातली दुकाने बंद आणि माणसे आडवी झालेली असतात. हिवाळ्यात झाडीतला रस्ता निवडला, तर दुपारही सायकलला चांगली.

खनिजाचे ट्रक अजून असतात का?

असतात. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोली, सांगे आणि केपे भागातले रस्ते सायकलला स्वर्ग झाले होते. आता काही खाणी पुन्हा सुरू झाल्या आहेत. जिथे डांबरावर लाल भुकटीचा थर दिसेल आणि कडेची झुडपे तांबूस झालेली असतील, तिथे ट्रक चालतात असे समजावे आणि निघण्याआधी नाक्यावरच्या चहावाल्याला विचारावे. ट्रक किती वाजता सुरू होतात हे त्याच्याइतके पक्के कोणाला ठाऊक नसते.

पहिल्यांदाच दूर जाणार आहोत. सोपी सुरुवात कुठून करावी?

जुने गोवे, दिवाडी, नार्वे, मये, डिचोली. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून सायकलसकट फेरीत चढा, दिवाडी बेट आरामात पार करा आणि पलीकडच्या फेरीने नार्व्याला उतरा. दिवाडीवर पिएदाद गावाची टेकडी सोडली तर चढ नाही. दोन्ही बाजूंना खाजन (बांध घालून खाडीलगत केलेली) शेती, बांध आणि बगळे. नार्व्यात सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. मूळ देऊळ दिवाडीवर होते. पोर्तुगिजांनी ते पाडल्यावर देव नदी ओलांडून इकडे आला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला. ज्या पाण्यावरून देव आला तेच पाणी आपण सायकल घेऊन ओलांडतो. नार्व्यापासून मयेकडे रस्ता चढउतारांचा होतो, पण दमछाक करणारा एकही नाही. अजून दम असेल तर पुढे साखळीला हरवळ्याचा धबधबा आणि त्याच्या शेजारचे रुद्रेश्वराचे देऊळ गाठता येते.

खऱ्या डोंगरात जायचे आहे. एकच रस्ता सुचवायचा तर?

नेत्रावळी. याचे उत्तर जरा सविस्तर देतो, कारण सगळ्यांत जास्त विचारणा याच रस्त्याची होते आणि तो आहेही तसाच.

मडगावहून केपे, तिळामळ, जांबावली, रिवण, कोळंब आणि नेत्रावळी असे जावे. जांबावलीला दामोदराचे देऊळ नदीकाठी आहे. शिगम्यात इथे गुलाल असतो, त्या दिवशी हा रस्ता विसरा. रिवणपासून कुळागरे सुरू होतात: माड आणि पोफळींखाली केळी, पोफळीवर चढवलेली मिरीची वेल, मधून खळाळणारा पाट. रस्ता या बागांना अगदी खेटून जातो. ऐन मार्चमध्येसुद्धा इथे शिरताच अंगावर गारवा येतो.

रिवणच्या पुढे कुशावतीच्या काठी पणसायमळ, म्हणजेच उसगाळीमळ. नदीकाठच्या जांभ्याच्या सपाट खडकावर बैल, हरणे, माणसे आणि वर्तुळात वर्तुळ असलेला चक्रव्यूह कोरलेला आहे. शंभराहून अधिक आकृत्या आहेत. अभ्यासकांचे लक्ष त्यांच्याकडे 1993 मध्ये गेले. स्थानिकांना त्या आधीपासून माहीत होत्या. तिरप्या उन्हात, सकाळी किंवा कलत्या दुपारी, रेषा उठून दिसतात. चपला-बूट काढूनच खडकावर जावे आणि सायकल वरच ठेवावी.

नेत्रावळी गावात गोपीनाथाच्या देवळाजवळ बुडबुड्यांची तळी आहे. तळाच्या चिखलातून वायूचे बुडबुडे सतत वर येत राहतात. पायऱ्यांवर दहा मिनिटे बसून पाहण्याजोगी. इथेच पाणी भरून घ्या आणि पोटात काहीतरी घाला, कारण खरा चढ याच्या पुढे आहे.

नेत्रावळीहून वेर्ले, तुडव आणि साळजिणी या डोंगरमाथ्यावरच्या गावांकडे जाणारा रस्ता अभयारण्यातून चढतो. डांबरी आहे, अरुंद आहे आणि काही वळणांवर इतका उभा, की पुढचे चाक हलके पडू लागते. अशा वळणाला आतून न घेता, समोरून काही येत नाही याची खात्री करून, बाहेरच्या अंगाने वळावे. तिथे चढ थोडा सौम्य असतो. सायकल ढकलत नेण्यात काहीही कमीपणा नाही. वर पोचल्यावर हवा पार बदलते. वेर्ल्यात अलीकडे स्ट्रॉबेरीची लागवड होते, यावरून थंडीची कल्पना यावी. हिवाळ्यात घामेजल्या अंगाने उतरायला लागलात तर हुडहुडी भरते, म्हणून पातळ विंडचीटर बरोबर असावा.

मडगावहून जाऊन त्याच दिवशी परतणे तयारीच्या माणसाला जमते. पण माझे ऐकाल तर सांगे किंवा नेत्रावळी भागात मुक्काम करा आणि चढ भल्या पहाटेसाठी राखून ठेवा. परतताना सांगेमार्गे या, म्हणजे साळावली धरण लागते.

धरणाखाली गेलेले कुर्डी गाव सायकलने पाहता येते का?

उन्हाळ्याच्या अखेरीस, एप्रिलअखेर ते पाऊस पडेपर्यंत, साळावलीचे पाणी ओसरले की कुर्डीची जमीन उघडी पडते. घरांची जोती, वठलेली खोडे आणि सोमेश्वराचे देऊळ दिसू लागते. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या. विस्थापित कुर्डीकर मे महिन्यात देवाच्या उत्सवाला इथे जमतात. सायकलने जाता येते, शेवटचा भाग कच्चा आहे. सावली अजिबात नाही. मे महिन्यातले ऊन लक्षात घेऊन सकाळी आठच्या आत पोचावे आणि दहाला निघावे. उत्सवाच्या दिवशी गेलात तर कॅमेरा जरा मागे ठेवा. ती माणसे आपल्या घराच्या जागेवर उभी असतात.

सत्तरीत कुठे जावे?

वाळपई हे मुक्कामाचे ठिकाण धरा. तिथून दोन दिशांना हात फुटतात. एक कोपर्डे, ठाणे करत हिवरे, चरावणे, पाली या धबधब्यांच्या गावांकडे. दुसरा नगरगाव, धावे, उस्तेकडे, म्हादईच्या सोबतीने. दोन्हीकडे रहदारी तुरळक आणि चढ लहान-लहान, पण सतत. दिवसअखेर मांड्या बोलू लागतात.

वाळपईहून जवळच नाणूसचा किल्ला आहे. 1852 च्या बंडात दीपाजी राणे यांनी तो घेतला होता. सत्तरीच्या राण्यांची बंडे समजून घ्यायची तर हे रान सायकलवरून पाहावे. पोर्तुगिजांना इथे फौज नेणे का जड गेले ते दुसऱ्या-तिसऱ्या चढालाच कळते.

मार्च ते मे हा काजूचा हंगाम. काजूच्या दारूच्या भाट्या पेटलेल्या असतात, बोंडांचा आंबूस-गोड वास रस्त्यावर येतो. विचारले तर ताजा नीरा, म्हणजे बोंडांचा रस, पेलाभर मिळतो. हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, मात्र सायकल टेकवून ठेवल्यावरच. उन्हात ती चढते आणि घसा कोरडा पाडते.

बांबर गावात निरंकाराची राई आहे. राई पाणथळ आहे आणि रानटी जायफळांची मुळे तिथे चिखलातून गुडघ्यांसारखी वर आलेली दिसतात. ही देवाची राई आहे: आत जायचे तर गावातल्या कुणाला तरी विचारून आणि अनवाणी. पान, फळ, काटकी काहीही उचलू नये.

चोर्ला घाट आणि अनमोड घाट सायकलने करावेत का?

अनमोड करू नये. कर्नाटकातून येणारी बरीच अवजड वाहतूक त्याच वाटेने येते, वळणे आंधळी आहेत आणि पावसात दरडी कोसळतात.

चोर्ला वेगळा. केरीपासून अंजुणे धरणाच्या बाजूने सुरू होणारा हा चढ फार देखणा, लांब आणि एकसारखा आहे, त्यामुळे लय सापडते. पण बेळगावच्या गाड्या भरधाव येतात, शनिवार-रविवारी तर विचारू नका. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी उजाडता उजाडता चढायला लागावे आणि नऊच्या आत वर असावे. माथ्यावर गेल्यावर सुर्ला गावाचा फाटा लागतो. हा गाव गोव्याचा, सत्तरी तालुक्यातला, पण तिथे जायला घाट चढूनच जावे लागते. त्या फाट्यावर वळलात की गाड्यांचा आवाज मागे राहतो. डिचोली तालुक्यातही सुर्ला आहे, पत्ता विचारताना गोंधळ होऊ देऊ नका.

तांबडी सुर्लाचा रस्ता कसा आहे?

मोलेहून बारा-तेरा किलोमीटर, रानातून, सावलीचा, सौम्य. शेवटी कदंब काळातले काळ्या पाषाणाचे महादेवाचे देऊळ आणि शेजारी नदी. कुटुंबासकट जायला हा उत्तम. सुट्टीच्या दिवशी सहलींच्या बसेस येतात, म्हणून लवकर.

डोंगरही हवा आणि समुद्रही. असे काही?

बेतूल ते आगोंद. काब-द-राम किल्ल्यावरून आणि खोल गावातून जाणारा हा रस्ता सतत वरखाली होतो; सडा चढला की समुद्र दिसतो, उतरला की पुन्हा झाडी. महामार्गावरच्या करमल घाटातली रहदारीही टळते. खोलची मिरची भौगोलिक मानांकन मिळालेली आहे. उन्हाळ्याकडे झुकताना अंगणात वाळत घातलेली दिसली तर घरच्या बाईला विचारून थेट विकत घ्या. आगोंदहून पुढे काणकोणला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी खोतीगाव अभयारण्य करता येते. पैंगीणकडे जाताना डावीकडे फाटा आहे, हत्तीपाल येथे वनखात्याचे नाके लागते.

कोणते महिने चांगले?

नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत निर्धास्त जा. ऑक्टोबर दमट असतो, पण डोंगर हिरवागार आणि ओढ्यांना पाणी. मार्च-एप्रिलमध्ये फक्त सकाळ. पावसाळ्याबद्दल दोन मते आहेत. माझे मत असे, की जूनचा पहिला जोर ओसरल्यावर, सखल खोऱ्यांतून, रेनकोटची आशा सोडून भिजत सायकल चालवण्यात अतीव आनंद आहे. घाटात आणि धबधब्यांच्या वाटेवर मात्र जाऊ नये. सत्तरीत आणि सांग्यात पाऊस किनाऱ्यापेक्षा पुष्कळ जास्त पडतो आणि ओढे तासाभरात चढतात. रस्त्यावरून गढूळ पाणी वाहत असेल तर त्यात चाक घालू नका. खाली डांबर उरले आहे की वाहून गेले, हे वरून कळत नाही.

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दिवसांत गावागावांत दुकाने बंद असतात. खाणे बरोबर नसेल तर उपाशी राहाल.

सत्तरीत माकडताप असतो, हे खरे का?

खरे, आणि सायकलवाल्यांनी हे नीट समजून घ्यावे. क्यासनूर फॉरेस्ट डिसीझ हा विषाणूजन्य ताप. 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात तो पहिल्यांदा ओळखला गेला आणि 2015 पासून सत्तरीत त्याचे रुग्ण आढळले, सुरुवात पाली भागात झाली. तो गोचिडींच्या चाव्यातून येतो. डिसेंबर ते मे हा धोक्याचा काळ, म्हणजे नेमका आपल्या सायकलींचा हंगाम.

घाबरून घरी बसायचे कारण नाही. डांबरी रस्त्यावर चालत्या सायकलवर धोका फारसा नसतो. तो असतो विश्रांतीच्या वेळी. पाचोळ्यावर बसू नका, आडवे तर होऊच नका. सायकल आणि पिशवी झुडपात टेकवू नका. लघवीला आत रानात शिरू नका. पायांना गोचीड दूर ठेवणारे औषध चोळा, उंच मोजे घाला. मुक्कामी पोचल्यावर घोटे, गुडघ्यांमागचा भाग, कंबरपट्टा आणि जांघा बारकाईने तपासा. पिल्लू गोचीड तिळाहूनही लहान असते. कपडे लगेच गरम पाण्यात. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. परतल्यावर आठवडाभरात एकाएकी तडकून ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना ‘मी सत्तरीच्या रानात गेलो होतो’ हे आपणहून सांगा. वाळपईच्या सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांना हा ताप परिचयाचा आहे.

कसली सायकल लागते?

महागडी नको, हलक्या गिअरची हवी. पुढे लहान चकती आणि मागे मोठी, एवढे असले की हायब्रिडवरही वेर्ले चढता येते. टायर 35 ते 40 मिलिमीटर असावेत. अरुंद रोड टायरला इथले खड्डे आणि कडेची जांभ्याची खडी सोसत नाही. दोन ट्यूब, पंप, पंक्चरचे साहित्य आणि चेनची जोडकडी जवळ ठेवाच. वाळपई, सांगे, काणकोण सोडले की आत कुठेही गिअरच्या सायकलचा सुटा भाग मिळणार नाही.

ब्रेकबद्दल विशेष सांगतो. जांभ्याचा लाल चिखल बारीक पूड झालेल्या दगडाचा असतो. तो रिम आणि ब्रेक पॅड यांच्यामध्ये अडकला की एका पावसाळी उतारावर पॅड झिजून धातू घासायला लागतो. उतरण्याआधी बाटलीतले थोडे पाणी रिमवर ओता, पॅड बोटाने पुसा. शक्य असेल तर डिस्क ब्रेकच घ्या. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नये. वळणाआधी घट्ट दाबावा, मग पूर्ण सोडावा, म्हणजे तापत नाही.

वाटेत खायला काय मिळते?

गावात भाजी-पाव मिळाला नाही असे सहसा होत नाही. पातळ भाजी किंवा मिक्स भाजी, सोबत उंडो (गोल, कडक पाव) किंवा साधा पाव, मिरचीचे भजे आणि चहा. बन्स (केळ्याच्या गोड पुऱ्या) असतील तर दोन बांधून घ्या, चढावर उपयोगी पडतात. सकाळी सातच्या सुमारास पोंपों वाजवत पोदेर येतो. तोही सायकलवरच, मागे भलीमोठी टोपली बांधून, तुम्ही धापा टाकता तोच चढ एका गिअरवर चढत. त्याच्याकडून गरम पोई (कोंड्याचा पाव) घ्यावी आणि पुढच्या रस्त्याची चौकशीही करावी. दुपारी साडेबारानंतर गावातले हॉटेल बंद होण्याची घाई असते, जेवण त्याआधी उरका.

गवे, बिबटे, कुत्रे?

गवा हा गोव्याचा राज्यप्राणी आणि पहाटे-संध्याकाळी रस्त्यावर हमखास भेटणारा. दिसला की दूर थांबा, घंटी वाजवू नका, कळपातला शेवटचा गवा रस्ता ओलांडेपर्यंत थांबा. पिल्लू मागे राहिलेले असू शकते. बिबट्या तुम्हाला टाळतो. कुत्रा मागे लागला तर सायकलवरून उतरा आणि सायकल मध्ये धरून चाला, बहुतेक वेळा तिथेच संपते. अंधार पडल्यावर रानातल्या रस्त्यावर असूच नये. डांबर ऊबदार असते म्हणून साप त्यावर येऊन बसतात.

अभयारण्यात परवानगी लागते का?

गावांना जोडणाऱ्या सार्वजनिक रस्त्यांवरून दिवसा जाता येते. नाक्यावर नोंद करायला सांगतील, ती करावी. धबधबे आणि आतल्या पायवाटांसाठी वनखात्याचे शुल्क व नियम वेगळे आहेत, पावसाळ्यात बंदीही येते. दूधसागरला सायकलने जाण्याचा आग्रह सोडा.

मोबाइलला रेंज असते का? काही झाले तर?

साळजिणी, खोतीगावच्या आत आणि सत्तरीच्या टोकाच्या गावांत रेंज येते-जाते. नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि किती वाजेपर्यंत परतणार ते घरी सांगा. रुग्णवाहिकेसाठी 108. रेंज नसेल तर येणारी पहिली बस थांबवा. चालक-वाहक निरोप पोचवतात.

एकट्या बाईने जावे का?

अनेकजणी जातात. दिवसा गावरस्त्यांवर अडचण येत नाही. उलट ‘बाये, खंय वता?’ म्हणून चौकशी होते आणि पाणी पुढे येते. मुक्काम आधी ठरवलेला असावा, हे सगळ्यांनाच लागू आहे.

गावकऱ्यांना सायकलवाले नकोसे होतात का?

मोठा घोळका गेला तर होतात. पाच-सहाजणांहून जास्त नको. स्पीकर नको. कुळागर हे कुणाचे तरी घर आणि पोट आहे, त्यात ‘फोटोपुरते’ शिरू नये. पडलेली काजूची बोंडेसुद्धा मालकाची असतात. देवळाच्या आवारात तोकड्या सायकलच्या चड्डीवर जाऊ नये. पिशवीत एक लुंगी किंवा ट्रॅकपँट ठेवावी. आणि गावातल्या दुकानातून काहीतरी विकत घ्यावे, सगळे शहरातून बांधून आणू नये. या रस्त्यांचे जतन तिथे राहणाऱ्यांनीच केले आहे. सायकलवाल्यामुळे त्यांना चार पैसे मिळाले तर आपले येणे त्यांना आवडते राहील.

बाहेरगावाहून सायकल रेल्वेने आणता येते का?

येते. पार्सल कार्यालयात लगेज म्हणून नोंदवून मालडब्यात चढवतात. हवा थोडी कमी करा, गिअरच्या बाजूला पुठ्ठा बांधा, नावाची चिठ्ठी दोन ठिकाणी लावा आणि गाडीच्या वेळेच्या बऱ्याच आधी पोचा. दक्षिणेकडच्या रस्त्यांसाठी मडगावला उतरा, सत्तरी-डिचोलीसाठी थिवी किंवा करमळी सोयीचे. आधी चौकशी करून ठेवा, कारण लहान स्थानकांवर गाडी मिनिटभरच थांबते आणि मालडबा उघडून मिळेलच असे नाही.